इंडियानातल्या स्टील प्लांटची ऑफर आहे, पण कंपनी विकली गेली तर?

तुम्ही रायगडमधल्या डोलवीच्या स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर (खनिजातून लोखंड वितळवणारी भट्टी) आहात, अमेरिकेतल्या इंडियानाची ऑफर आलीये, आणि विचारताय की इथल्या कंपन्या सारख्या विकल्या जातात तर यावं का, आणि आपल्यासारख्याला वरपर्यंत जाता येतं का. मी याच पट्ट्यात, याच धंद्यात आहे म्हणून सविस्तर लिहितो.

विकल्या जातात हे खरंय. इंडियानातलाच बर्न्स हार्बरचा प्लांट बघा, बेथलहेम स्टीलने साठच्या दशकात उभारला, 2001 ला त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली, 2003 ला गुंतवणूकदार विल्बर रॉसच्या आयएसजी या स्टील कंपनीने घेतला, 2005 ला मित्तल, मग आर्सेलरमित्तल, आणि 2020 च्या शेवटी क्लीव्हलँड-क्लिफ्स. पाटी बदलली तरी प्लांट चालूच राहिला, पण बेथलहेमचे सुमारे 95000 निवृत्त कामगार आणि त्यांच्या घरच्यांचा आरोग्य विमा 2003 मध्ये बंद झाला, हे इथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत आणि विसरूही नये. यूएस स्टीलचंही तेच, जपानच्या निप्पॉन स्टीलने डिसेंबर 2023 ला 1490 कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला, जानेवारी 2025 ला बायडेननी अडवला, जूनमध्ये ट्रम्पनी मंजूर केला, तोपर्यंत दीड वर्ष सगळे अधांतरी.

म्हणून कंपनीच्या नावापेक्षा भट्टी बघा. रिलाइनिंग (भट्टीचं आतलं अस्तर बदलणं) कधी झालं, पुढचं बजेटमध्ये आहे का हे इंटरव्ह्यूत सरळ विचारा, कारण नवा मालक आला की कुठली फर्नेस ठेवायची हे बरंचसं त्यावर ठरतं. आणि इलेक्ट्रिक आर्क फर्नेस (विजेवर मुख्यतः भंगार वितळवणारी भट्टी) शिकून घ्याच, अमेरिकेतलं जवळपास 70 टक्के स्टील आता त्यातनं येतं.

वर जाण्याचं म्हणाल तर बाहेरून आलेल्या मेटलर्जीवाल्यांना इथे दार बंद नाहीये. क्लीव्हलँड-क्लिफ्सचे लोरेन्सो गोन्साल्विस ब्राझीलचे, मेटलर्जिकल इंजिनिअर, 2014 ला सीईओ झाले तेव्हा ती लोहखनिजाची कंपनी होती, 2020 या एका वर्षात त्यांनी एके स्टील आणि आर्सेलरमित्तलचे बहुतेक अमेरिकन प्लांट घेतले. स्टील डायनॅमिक्सचे मार्क मिलेट ब्रिटनमधून शिकून आलेले, न्यूकोर या स्टील कंपनीत मेटलर्जिस्ट होते, 1993 ला सहकाऱ्यांबरोबर स्वतःची कंपनी काढली. दुसरा रस्ता फायनान्सचा, यूएस स्टीलचे सीईओ झालेले डेव्हिड बरिट आधी कॅटरपिलर या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे सीएफओ (वित्तप्रमुख) होते. मला विचाराल तर शॉप फ्लोअरवर पाच-सात वर्षं काढा आणि सोबत पैशाचं गणित शिका, मालक बदलताना तोच माणूस उपयोगी पडतो.

व्हिसाचं मात्र हलक्यात घेऊ नका. नवा मालक एच-1बी (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा) ची जबाबदारी स्वीकारत असेल तर साधारणपणे नवीन अर्ज लागत नाही, पण नोकरीच गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर होऊन 180 दिवस झाले की कंपनीने तो मागे घेतला तरी एच-1बी वाढवायला सहसा चालतो, त्यामुळे ग्रीन कार्डची प्रोसेस कधी सुरू करणार हे सही करायच्या आधी लेखी घ्या, 401के (निवृत्तीसाठीचं बचत खातं) मधला कंपनीचा वाटा पूर्ण तुमचा कधी होतो तेही.