पॉडकास्ट एडिटिंगचा दर : तयार मिनिटे मोजावीत की कच्चे रेकॉर्डिंग?

प्रश्न : नोकरी सांभाळून मी दीड वर्ष पॉडकास्टचे एडिटिंग करतो आहे. महिन्याच्या पगाराला कामाच्या १७३ तासांनी भागून जो आकडा आला, तोच माझा ताशी दर आहे. आता एक ग्राहक वर्षभर दरमहा ८ भाग द्यायला तयार आहे. मात्र त्याला तयार भागाच्या प्रत्येक मिनिटामागे पैसे द्यायचे आहेत. ४० मिनिटांच्या भागाला माझ्या दराने ४ तासांचे पैसे मिळतील. मूळ रेकॉर्डिंग साधारण ७५ मिनिटांचे असते आणि फाइल उतरवून घेण्यापासून दुरुस्त्यांपर्यंत ५ तास जातात. हे काम घेऊन नोकरी सोडावी का?

उत्तर : हा प्रस्ताव आहे त्या स्वरूपात घेऊ नये आणि त्याच्या भरवशावर नोकरी तर मुळीच सोडू नये, असे माझे मत आहे. ताशी दराऐवजी ठरावीक रक्कम घेण्याला माझा विरोध नाही. उलट ताशी दरात तुमचा हात जितका बसेल तितकी तुमची कमाई घटते, हा त्या पद्धतीचा मोठा दोष आहे. अडचण आहे ती मोजमापाची.

एडिटरचे श्रम तयार भागाच्या लांबीवर नव्हे, तर त्याच्यासमोर आलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगवर, त्यातील आवाजांच्या संख्येवर आणि ते कशा दर्जाचे आहे यावर अवलंबून असतात. ७५ मिनिटे ऐकावीच लागतात, अडखळणे आणि पुनरुक्ती काढावी लागते, प्रत्येक वक्त्याच्या ट्रॅकवरील खरखर वेगळी हाताळावी लागते. तुमच्या हिशेबाने ५ तासांच्या कामाचे ४ तासांचे पैसे मिळणार, म्हणजे आजच २० टक्के सवलत दिली गेली आहे, फक्त तिला सवलत म्हटलेले नाही. उद्या ग्राहकाने भाग ३० मिनिटांचाच हवा असे सांगितले, तर काटछाट वाढेल आणि मोबदला ३ तासांवर येईल. जास्त कापल्याबद्दल कमी पैसे मिळावेत, असा हा करार आहे.

याहून गंभीर चूक तुमच्या मूळ दरात आहे. आठवड्याला ४० तासांप्रमाणे पगार वर्षाच्या २०८० तासांचा मिळतो, रजेचाही मिळतो. स्वतंत्र व्यवसायात ४ आठवडे रजा आणि आजारपणासाठी सोडले, तर १९२० तास उरतात, आणि त्यातलेही पत्रव्यवहार, हिशेब व नवे काम शोधणे यांत गेलेले तास कोणी विकत घेत नाही. पैसे मिळणारे तास ६० टक्के धरले, तर ते ११५२ होतात. त्यात सॉफ्टवेअर, हेडफोन, साठवणूक, विमा अशा खर्चासाठी पगाराच्या २० टक्के रक्कम जास्त लागेल असे माना, म्हणजे आजच्या पगाराइतके हाती राहण्यासाठी तुमचा दर सध्याच्या सुमारे २.१७ पट हवा. ६० आणि २० हे माझे अंदाज आहेत. तुम्ही तीन महिने वेळेची नोंद ठेवून स्वतःचे आकडे घाला. हा आकडा म्हणजे तुमचा तळ आहे, बाजारभाव नव्हे. बाजार तेवढे द्यायला तयार नसेल, तर तूर्त हे काम जोडधंदा म्हणूनच योग्य आहे.

आता नोकरीचा प्रश्न. ८ भागांचे ४० तास, म्हणजे महिन्याच्या ९६ कमावत्या तासांपैकी (वरचे ११५२ भागिले १२) ४० टक्क्यांहून अधिक एकाच ग्राहकाकडे जाणार, आणि मिळणार ३२ तासांचे पैसे, म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सासुद्धा नाही.

त्यामुळे नकार कळवण्याऐवजी उलट प्रस्ताव द्यावा, कारण वर्षभराच्या कामाला किंमत आहेच. प्रत्येक भागाची रक्कम कच्च्या रेकॉर्डिंगवर ठरवा, उदाहरणार्थ ७५ मिनिटांपर्यंत आणि दोन वक्त्यांपर्यंत एक दर, त्यापुढील दर १५ मिनिटांना वाढीव आकार. दुरुस्तीची एक फेरी त्यात धरावी, दुसरीपासून वेगळी आकारणी. काय द्यायचे तेही लिहून घ्या. आवाजाची पातळी ॲपल पॉडकास्ट सुचवते त्याप्रमाणे उणे १६ एलकेएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजण्याचे एकक) आसपास असेल, एवढे स्पष्ट असले की ‘जरा आणखी मोठा करा’ ही न संपणारी फेरी टळते. शो नोट्स (भागासोबत दिली जाणारी लेखी माहिती), लिखित प्रत आणि समाजमाध्यमांसाठीचे तुकडे ही स्वतंत्र कामे आहेत. ग्राहकाने रेकॉर्डिंग केले नाही तरी दरमहा किमान ६ भागांचे पैसे आगाऊ मिळतील, अशी हमी तो देत असेल, तर मी १० टक्क्यांपर्यंत सूट देईन. हमी नसेल तर सूट नाही. २० टक्के सूट दिली, की तीच रक्कम जमवायला २५ टक्के जास्त काम करावे लागते, हे वाटाघाटीला बसताना समोर लिहून ठेवा.

त्याने हे मान्य केले, तरी पहिले तीन महिने नोकरी चालू ठेवूनच काम करा आणि खरोखर किती तास लागतात ते पाहा. डिस्क्रिप्ट किंवा ऑफॉनिकसारख्या ध्वनिसंपादनाच्या साधनांनी ५ तासांचे ४ झाले, तर तो वाचलेला तास तुमचा राहावा, यासाठीच दर भागामागे ठेवायचा. राजीनाम्याचा विचार मात्र सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावर आणि असे निदान दोन ग्राहक बांधले गेल्यावर करा.