खेचर सजीव कसं, असं विचारणाऱ्या मुलीने पुढे काय शिकावं?

प्रश्न: आम्ही कागल तालुक्यातले, घरची ऊसशेती. मुलगी यंदा दहावी झाली. पै-पाहुणे 'नीट'च्या क्लासला घाला म्हणतात, पण तिला डॉक्टर व्हायचं नाही. 'खेचराला पिल्लं होत नाहीत, मग ते सजीव कसं?' असलं काहीतरी विचारत बसते. यात पोट भरेल का? आणि अकरावीला गणित सोडू म्हणते, सोडू द्यावं का? – एक वडील

उत्तर: नमस्कार. गणित सोडू देऊ नका. कारण पुढे सांगतो, आधी खेचर.

प्रजनन हे सजीवाचं लक्षण खरं, पण प्रत्येक जिवाला ते लागू होतंच असं नाही. खेचराचं शरीर पेशींचं आहे, त्यात चयापचय चालू आहे, चाबूक उगारला की ते दचकतं. एवढ्यावर ते सजीव ठरतं. विषाणूचं उलटं: तो वाढतो, पण त्याला ना स्वतःची पेशी, ना चयापचय. १९३५ साली वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूवर मोझॅक रोग पाडणाऱ्या विषाणूचे चक्क स्फटिक मिळवले, आणि तेच पानाला चोळले की रोग पुन्हा होई! १९४६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, तोही रसायनशास्त्राच्या. म्हणजे सजीवांचा अभ्यास एकट्या जीवशास्त्रावर भागत नाही. 'आयसर' या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेतही जीव, रसायन, भौतिक आणि गणित असे चारही विषय असतात.

तुमच्या उसातलंच बघा. लोकरी मावा या किडीची मादी नराशिवाय पिल्लं घालते, म्हणून तो बघता बघता फड व्यापतो. त्याला खाणारे डिफा, मायक्रोमस हे मित्रकीटक ओळखणं, वाढवणं हे कीटकशास्त्रज्ञाचं काम. त्या वाटेला बी.एस्सी. ॲग्री लागतं, प्रवेश सीईटीतून. कृषी महाविद्यालय कोल्हापुरातच आहे.

पैशाचं स्पष्ट सांगतो. आयसरचा बीएस-एमएस हा जोड पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा, वर पीएच.डी.ची पाचेक वर्षं. पीएच.डी.च्या काळात नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. पण कायमची नोकरी तिशीच्या आसपास, तीही चुरशीची. लवकर कमवायचं असेल तर मायक्रोबायोलॉजी घ्यावं. दूध संघ, डिस्टिलरी, औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये कामं असतात, सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच. मुलीच्या लग्नाची घाई असलेल्या घरात आयसर-पीएच.डी.ची वाट अर्ध्यावर तुटते, हे मी पाहतो. तेव्हा तेवढं आधी घरात बोलून घ्या.

आयसर हुकलं तर शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजातून बी.एस्सी. करून 'जॅम' ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देता येते. ते बारावीनंतर बघू. सध्या फॉर्मवर चारही विषय भरा.