आण्णांना करंट देणार का? नसेतला कॅल्शियम आणि शॉकवेव्हचा बलून

प्रश्न : रामराम. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. आमचे आण्णा ६८ वर्षांचे, शुगर जुनी. चालताना छाती भरून यायची म्हणून जळगावला अँजिओग्राफी केली, तर हृदयाच्या एका नसेत कॅल्शियम एवढा जमलाय की आधी शॉकवेव्हचा बलून लावू, मगच स्टेंट टाकू असं डॉक्टर म्हणे. आण्णांनी ‘शॉक’ ऐकलं आणि अडूनच बसले, करंट देणार असतील तर मी येत नाही म्हणतात. खरंच देतात का हो? आणि त्यांचं दूध बंद करू का?

उत्तर : ताई, आण्णांना आधी हे सांगा की अंगाला करंट अजिबात लागत नाही. आपल्याकडे मुतखडा घरोघरी, न कापता बाहेरून लाटा सोडून खडा फोडलेला एखादा भाऊबंद आण्णांच्या ओळखीत नक्की असेल, ती पद्धत जर्मनीत १९८० साली पहिल्यांदा पेशंटवर वापरली आणि हे तिचंच नसेतलं रूप आहे. मनगटातून नाहीतर जांघेतून बारीक तार जाते, तिच्यावरून बलून. त्यात सलाईन आणि डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव औषध) भरून तो हलकाच, ४ अ‍ॅटमॉस्फिअर एवढ्या दाबावर फुगवतात. ठिणगी पडते ती बलूनच्या आतच, तिथल्या पाण्याची क्षणात वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि साधारण ५० अ‍ॅटमॉस्फिअरची लाट बाहेर निघते. मऊ भिंतीतून ती सरळ निघून जाते, कडक कॅल्शियमला मात्र तडे पडतात. सेकंदाला एक अशा दहा लाटा, मग बलून सैल करून रक्त वाहू देतात, मग परत. कॅल्शियम बाहेर काढत नाहीत, तो तिथंच राहतो पण तडकल्यामुळं नस उघडायला तयार होते.

हे सगळं स्टेंटसाठी. कडक नसेत स्टेंट अर्धवट उघडला तर पुढं गुठळी होते, नस परत आवळते, म्हणून घाई करून नुसता स्टेंट टाकून घेऊ नका असंच मी म्हणेन.

आण्णा जागे असतील, बलून फुगल्यावर छातीत थोडं दाटल्यासारखं होऊ शकतं, मॉनिटरवर एखादा जादा ठोका दिसतो, त्याला घाबरायचं नाही. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. अमेरिकेत हृदयाच्या नसेसाठी २०२१ ला मंजुरी मिळाली, त्यामागच्या अभ्यासात पावणेचारशेच्या वर पेशंट होते आणि ३० दिवसांत शंभरातल्या ९२ जणांना अटॅक, मृत्यू किंवा त्याच नसेवर परत प्रोसिजर यातलं काही झालं नाही. म्हणजे धोका शून्य नाही, पण ‘करंट’ची भीती खोटी आहे. नस फारच अरुंद असेल आणि बलून आत शिरतच नसेल तर आधी हिऱ्याची कणी लावलेली ड्रिल, म्हणजे रोटाब्लेटर वापरतात, तेव्हा डॉक्टरांना विचारा की आमच्याकडं बलूनच का, ओसीटी किंवा आयव्हस, म्हणजे नसेच्या आतून चित्र काढायची तपासणी, करून कॅल्शियम किती जाड आहे ते बघणार का.

दूध बंद करू नका, नसेतला कॅल्शियम दुधातून येत नाही. वय, शुगर, बीपी, तंबाखू, किडनीचा आजार, ही त्याची कारणं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि हा बलून महाग असतो, स्टेंटच्या पैशात धरलाय की वेगळा ते ॲडमिट व्हायच्या आधी लेखी मागा, जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला हाच प्रश्न विचारा. नंतरच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.