पणजीच्या घरात शिरायचं कोणत्या दारानं?

प्रश्न : ताई, मी कादंबरी लिहायला घेतली आहे. २०२० सालच्या निसर्ग वादळानंतर नायिका मुंबईहून आंजर्ल्याच्या घरी येते. वाडी आडवी, कौलं उडालेली. माजघरातून ती काळात मागे जाते आणि त्याच घरात तिला आई, आईची आई, तिची आई, तिचीही आई अशा सगळ्या तरुणपणी भेटतात. पणजोबा १९४७ साली ‘रामदास’ बोटीवर बुडाले, त्यांना तिनं वाचवावं असं डोक्यात आहे. पण मग पुढचं सगळंच बदलतं. शिवाय मागे जायची युक्ती कोणती घेऊ? यंत्र नको आहे. (एक वाचक, दापोली)

उत्तर : यंत्र नको म्हणालात, बरं झालं. पण आधी घराचं बघू, गफलत तिथे आहे. आईची आई आणि तिची आई एका घरात कशा हो नांदतील? आंजर्ल्याची लेक केळशीला जाणार, तिची लेक गुहागरला, तिची गिरगावातल्या चाळीत. कुठलाही कुलवृत्तांत उघडा. पुरुष ओळीनं दहा पिढ्या सापडतील, लेकी मात्र ‘सासरचं नाव अमुक’ एवढ्यावर आटोपलेल्या. घर एकच हवं असेल तर ओळ सासू-सुनांची धरा: नायिकेची आई, वडिलांची आई, आजोबांची आई. मला तरी हीच वाट बरी वाटते. यातली प्रत्येक जण त्या घरात परकी म्हणून आलेली आहे. कुणी दहाव्या वर्षी, कुणी पंधराव्या, कुणी पदवी घेऊन. विहीर कुठे, मीठ कुठे, कुणापुढे बोलायचं नाही, हे प्रत्येकीला पहिल्यापासून शिकावं लागलं. तुमची नायिका उंबऱ्यात बावरून उभी राहिली की तिला खरं ओळखणारी त्यांच्यातलीच कुणीतरी असेल. लेकींचीच ओळ हवी असेल तर घराचा हट्ट सोडा आणि लेकीबरोबर सासरी जाणारी एखादी वस्तू धरा.

आता युक्ती. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं पंचांग काढा. संवत्सरं साठ, मग पुन्हा पहिल्यापासून. २०२० च्या पाडव्याला शके १९४२ सुरू झालं, संवत्सर शार्वरी. साठ वर्षं मागे शके १८८२, म्हणजे १९६०, तेही शार्वरी. त्याच्याही मागे शके १८२२, म्हणजे १९००. दार फक्त आपल्याच नावाच्या संवत्सरात उघडतं, असा नियम करा आणि तो मोडू नका. यात एक फायदा आहे. आजी आणि नातीत साठ वर्षांचं अंतर सहज असतं, त्यामुळे सत्तावीस वर्षांच्या नातीपुढे सत्तावीस वर्षांची आजी येऊन उभी राहते. वयाचा मान ठेवायची सोय नाही, दोघींनाही. आई या दारातून भेटत नाही, पण तिला फोन करता येतो.

‘रामदास’चं मात्र जमत नाही. १९४७ हे सर्वजित संवत्सर, शार्वरीतून तिथे वाट नाही. दुसरं म्हणजे ती बोट १७ जुलैला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. गटारीचा दिवस होता. काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवस अलिबागच्या बाजूला. हर्णैकडे येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंदच असत, मग आंजर्ल्याचा माणूस भर आषाढात घरी यायला त्या बोटीत कशाला बसेल? हट्टच असेल तर घर नागाव-आक्षीला हलवा आणि सुरुवात २००७ पासून करा, तेही सर्वजित. तिथी धरणार असाल तर तारीख सरकेल हे ध्यानात ठेवा. २००७ ला ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे आषाढी अमावास्या १२ ऑगस्टला आली. पण मला विचाराल तर कुणालाच वाचवू नका. त्या बोटीवरची माणसं खरी होती, त्यांची नातवंडं आजही त्या दिवसाबद्दल बोलतात. तुमच्या कथानकाची गाठ सुटावी म्हणून एकालाच पाण्याबाहेर काढायचं, हे मला तरी बघवणार नाही.

प्रश्न : नायिका १९०० साली माजघरात उतरली, तर तिला लपवायचं कुठे? केस मानेपर्यंत कापलेले आहेत. (त्याच वाचक)

उत्तर : जीन्सचं काही नाही, दांडीवरचं लुगडं ओढता येईल. नेसता येईल का, ते तुम्ही बघा. पण केस आणि कपाळ झाकणार कसं? ब्राह्मणाच्या घरात त्या साली मोकळं कपाळ, मोकळे हात आणि कापलेले केस म्हणजे विधवा. तिच्या अंगावर आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, नाही आणि डोक्यावर केस आहेत, म्हणजे बंडखोर विधवा. आणि हर्णैच्या पलीकडेच मुरूड. तिथल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. १८९६ पासून पुण्यात त्यांचा विधवांसाठीचा आश्रम सुरू आहे आणि १९०० सालीच तो हिंगण्याला गेला. ‘कर्व्यांकडून पळून आलेली दिसते,’ असं चुलीपाशी कुणीतरी म्हणेलच. नायिकेला ओळख आयती मिळाली, खोटं बोलायचीही गरज नाही.

लपायची जागाही घरातच आहे. मागच्या पडवीच्या टोकाला, जिथे बाहेरच्या, म्हणजे पाळी आलेल्या बायका, बसतात तिथे. तीन दिवस कुणी हात लावत नाही, पुरुषमाणूस त्या बाजूला फिरकत नाही, पानात वाढायचं ते वरून, तांब्या वेगळा. कुणी मोजायला येत नाही, की काल एक होती, आज दोन कशा? माझ्या आजेसासूबाईंना त्या दिवसांत झावळांचे हीर काढायला बसवत. पातं एका हातात ताणून धरायचं, कोयतीची धार शिरेलगत लावायची आणि एका ओढीत हीर मोकळा करायचा. घरचे वर्षाचे खराटे त्यातूनच व्हायचे. ‘काम आमचं, पण गप्पाही आमच्याच,’ असं त्या सांगायच्या. पणजीला आणि नायिकेला तिथे शेजारी बसवा. नायिकेचे हीर मधेच तुटतील आणि पणजी पहिला प्रश्न विचारेल तो हाच, की तुझ्या आईनं तुला शिकवलं काय? या एका प्रसंगाला पन्नास पानं द्या. विटाळाची चीड नायिकेला येऊ द्या, यायलाच हवी. पण पणजीला ती तीन दिवसांची बसायला मिळालेली जागा सोडवत नाहीये, हेही लिहा.

प्रश्न : उलट, पणजीच २०२० मध्ये आली तर? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आणा, अवश्य आणा, आणि ३ जूननंतरच आणा. वीज नाही याचं तिला काही वाटणार नाही, कंदील पुसायला घेईल. पोफळी आडव्या झालेल्या बघून मात्र ती मटकन खाली बसेल. मग तिच्या लक्षात येईल, की मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस वेगळं ठेवलंय, त्यांची ताटं वेगळी, डबा दारात ठेवून माणसं मागे सरतात, कुणी कुणाला शिवत नाही. तोंडाला फडकं का, एवढंच तिला विचारावं लागेल. बाकी सगळं तिच्या ओळखीचं आहे. पुरुषही बाहेरचे बसले आहेत हे बघून ती पदर तोंडाला लावून हसली तर तिला हसू द्या, संपादकांनी कितीही हरकत घेतली तरी.