हरवले एक तास, परतले तीन तासांनी

ताई,
माझं वय 47. गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं बारा दिवसांसाठी युरोपला गेलो होतो: मी, हे, 19 वर्षांचा मुलगा आणि 14 वर्षांची मुलगी. पॅरिस, ल्युसर्न, फ्लॉरेन्स, व्हेनिस, रोम. सगळी आखणी यांची. बॅगा, औषधं आणि चौघांचे पासपोर्ट सांभाळायचं काम माझं. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात बोटिचेल्लीच्या चित्रांसमोर मी थांबले आणि हे तिघं पुढे निघून गेले. माझ्या फोनची बॅटरी संपलेली. तासभर मी वेड्यासारखी शोधत होते. मग लक्षात आलं की हॉटेलचं कार्ड पर्समध्येच आहे आणि हॉटेल चालत वीस मिनिटांवर. ताई, मी गेले नाही. पूल ओलांडला, टेकडी चढले, गुलाबांच्या बागेत बसले, वरून सगळं शहर पाहिलं. एकूण तीन तासांनी परतले तेव्हा यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. 'रस्ता सापडत नव्हता,' असं मी सांगितलं. आता कुठेही चार नातेवाईक जमले की हे 'आमची ही हरवली होती' म्हणून तो किस्सा रंगवून सांगतात. सगळे हसतात, मीही हसते. त्या रात्री मुलीनं हळूच विचारलं होतं, 'आई, एकटीला भीती नाही वाटली?' मी 'वाटली ना' म्हणून विषय बदलला. खरं सांगायचं तर बारा दिवसांतले तेच दोन तास मला आठवत राहतात. येत्या मे महिन्यात प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टचं ठरतंय. मला पुन्हा तसं फिरायचंय, पण बोलायची हिंमत होत नाही. घरच्यांना सोडून मला आनंद झाला, म्हणजे मी स्वार्थी आहे का?

* * *

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्याबरोबर ती टेकडी चढले. दुसऱ्यांदा तुमच्या यजमानांबरोबर हॉटेलच्या दारात उभी राहिले. दोन्हीकडे उभं राहिल्याशिवाय मला उत्तर लिहिता आलं नसतं, कारण दोन वेगळ्या गोष्टींची तुमच्या मनात एक गाठ बसली आहे आणि इतके महिने ती तुम्ही तशीच बाळगली आहे.

पहिला तास तुम्ही खरोखर हरवला होतात. त्यात कुणाचा दोष नाही. उफिझीत आधी वरचा मजला पाहायचा, मग खाली उतरायचं आणि जिथून आत शिरलो त्यापेक्षा वेगळ्याच बाजूनं बाहेर पडायचं. तिथे एकदा चुकामूक झाली की माणसं एकमेकांच्या मागेपुढे फिरत राहतात. आत जाण्याआधी 'चुकलो तर अमुक दाराशी भेटू' एवढं ठरवायला हवं होतं, ते चौघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

पुढचे दोन तास मात्र तुम्ही हरवला नव्हतात. हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तेच तुम्हाला टोचतंय. ते तुम्ही पत्रात लपवलं नाहीत, म्हणून मीही सरळ लिहिते. त्या दोन तासांत तिकडे काय चाललं असेल याची कल्पना करा. बायको दिसत नाही, तिचा फोन लागत नाही, चौघांचे पासपोर्ट तिच्यापाशी, भाषा येत नाही आणि दोन मुलं बापाच्या तोंडाकडे बघताहेत. पुलावरच्या कुठल्याही दुकानात हॉटेलचं कार्ड दाखवून एक फोन करता आला असता. 'मी ठीक आहे, दोन तासांनी येते,' एवढाच निरोप. तो तुम्ही दिला नाहीत, ही तुमची चूक. तुमचे यजमान तो किस्सा पुन्हा पुन्हा सांगतात, त्याच्या तळाशी मला त्या संध्याकाळची भीती दिसते. पोटात गोळा आला होता, हे चार लोकांत सांगणं पुरुषांना जड जातं. हसत हसत सांगितलं की निभावून जातं.

त्या भीतीबद्दल त्यांची माफी मागा. त्या आनंदाबद्दल मात्र कुणाचीही मागू नका.

आता त्या आनंदाविषयी, कारण तुम्ही त्याला अगदी ओझरतं उरकलंत आणि मला ते पटलं नाही. तुम्ही जो पूल ओलांडलात तो बहुधा पोंते वेक्किओ. मोठ्या पुरात आधीचा पूल वाहून गेल्यावर 1345 मध्ये तो नव्यानं उभा राहिला. त्याच्यावरच्या खाटकांना हलवून 1593 मध्ये तिथे सोनारांना जागा दिली गेली, आणि आजही तिथे सोन्याचीच दुकानं आहेत. 1944 च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. तुम्ही बसलात ती गुलाबांची बाग आणि तिच्यावरचं ते मोकळं पटांगण, पिआत्साले मिकेलांजेलो, एकोणिसाव्या शतकात जुझेप्पे पोज्जी या वास्तुविशारदानं आखलं. फ्लॉरेन्स तेव्हा काही वर्षं इटलीची राजधानी होतं. मे महिन्यात ती बाग भरात असते. तिथून दिसणारा कॅथीड्रलचा लाल घुमट ब्रुनेलेस्कीनं 1436 मध्ये पूर्ण केला. जवळून तो तुम्ही पाहिलाच असणार, मान वर करून, मुलांना हाका मारत, पर्स छातीशी धरून. टेकडीवरून तो अख्खा दिसला. घुमट तोच होता. तुमच्या नजरेला मात्र तेव्हा घाई नव्हती.

आणखी एक गोष्ट मला तुम्हाला सांगायलाच हवी. ती बोटिचेल्लीची चित्रं फ्लॉरेन्समध्येच राहिली याचं मोठं श्रेय एका बाईला जातं. आन्ना मारिया लुइसा, फ्लॉरेन्सवर सत्ता असलेल्या मेदिची घराण्याची शेवटची वारस. घराणं संपत आलं होतं, सत्ता परक्या घराण्याकडे जाणार होती. 1737 मध्ये तिनं करार केला की मेदिचींनी जमवलेल्या कलावस्तू शहराबाहेर नेता येणार नाहीत. कारणंही लिहून ठेवली: राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशातून येणाऱ्यांचं कुतूहल. परदेशातून येणाऱ्यांचं! जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं कायद्याच्या कागदावर तुमच्यासाठी जागा राखून ठेवली होती. तुम्ही त्या चित्रांसमोर थांबलात तेव्हा घरच्यांचा वेळ खात नव्हतात. ती चित्रं ज्यासाठी तिथे ठेवली आहेत, तेच तुम्ही करत होतात.

स्वार्थी आहे का, असं विचारलंत. बारा दिवस बॅगा, गोळ्या आणि पासपोर्ट मोजणाऱ्या बाईनं त्या दुपारी तीन गोष्टी कुणालाही न विचारता ठरवल्या: कुठे वळायचं, किती चढायचं, कधी उठायचं. अनोळखी गावात, भाषा येत नसताना, बंद फोन हातात घेऊन. आणि ती नीट परतही आली. हे तुम्हाला जमतं, हे तुम्हाला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. आनंद त्याचा होता. नवऱ्यामुलांपासून सुटल्याचा तो आनंद आहे असं समजून तुम्ही स्वतःला बोल लावत बसला आहात. मला तसं मुळीच वाटत नाही. त्यांना सोडायचं असतं तर पुढच्या सहलीची चर्चा तुम्ही इतक्या जिवानं ऐकली नसती.

त्या तिघांवरही अन्याय करू नका. ते भराभर पुढे गेले म्हणजे त्यांना चित्रांची गोडी नाही, असं नसतं. बॉस्टनच्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच 'म्युझियम फटीग' या नावानं लेख लिहिला होता. संग्रहालयात माणूस वाकून, मान वळवून, उभं राहून कसा दमतो, ते त्यांनी छायाचित्रांसकट दाखवलं. पाच शहरं बारा दिवसांत म्हणजे चार वेळा सामान बांधा, स्टेशन गाठा, नवं हॉटेल शोधा. त्या वेगात एकोणीस वर्षांचा मुलगा चित्रासमोर किती उभा राहणार?

आता तुमच्या मुलीविषयी. पत्रात तिच्यावर दोन-तीनच वाक्यं आहेत, पण मी सर्वांत जास्त वेळ तिथेच अडकले. 'आई, एकटीला भीती नाही वाटली?' चौदा वर्षांची मुलगी हे आईच्या काळजीनं विचारते, आणि स्वतःसाठीही विचारते. उद्या ती शिकायला एखाद्या परक्या शहरात जाईल, पहिल्यांदा एकटी ट्रेनमध्ये बसेल. बाईमाणसाला एकटीनं फिरणं जमतं का, हे तिला त्या रात्री तुमच्याकडून ऐकायचं होतं. तुम्ही अर्धं उत्तर दिलंत. 'वाटली' हे खरंच, पण त्यानंतर काय झालं ते राहिलं. तिला नीट बसवून सगळं सांगा. पहिला तास किती घाबरले, मग कार्ड कसं सापडलं, पूल, पायऱ्या, गुलाब. आणि निरोप दिला नाही ते चुकलं, हेसुद्धा. ते गाळलंत तर तिच्या हाती फक्त आईच्या धाडसाची कथा लागेल. तिला पूर्ण हकिकत हवी.

पण मुलीच्या आधी यजमानांना सांगा. ही गोष्ट मुलीकडून त्यांच्या कानावर गेली तर त्यांना फार लागेल. चार नातेवाईक नसतील अशा वेळी, दोघंच असताना, आधी माफी आणि मग हकिकत. ते चिडतील. चिडू द्या, इतक्या महिन्यांचं साचलेलं आहे. त्याच बैठकीत पुढच्या सहलीचा विषय मात्र काढू नका, नाहीतर माफी म्हणजे सौदा वाटेल. चार-आठ दिवस जाऊ द्या. आणि 'ती कहाणी यापुढे लोकांत सांगू नका, मला वाईट वाटतं,' हेही तेव्हाच सांगा. नुसतं हसून तुम्ही त्यांना परवानगी देत आला आहात.

सहलीचं बोलणं फार लांबवूही नका. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याला प्रवासाचा आराखडा आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. आराखडा कागदावर पक्का झाला की घरातलं कुणी त्याला हात लावू देत नाही. म्हणून तो होत असताना शेजारी बसा. या वेळी बॅगांच्या यादीऐवजी एक शहर मागून घ्या. 'व्हिएन्ना माझं, तिथली आखणी मी करते.' तिन्ही शहरं एका ओळीत आहेत, प्राग ते व्हिएन्ना रेल्वेनं चारेक तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-तीन तास. बारा दिवसांत प्रत्येक ठिकाणी तीन-चार रात्री मिळू शकतात, चौथं शहर कुणी घुसवलं नाही तर. तिथे कडक व्हा. सुटे पैसे मात्र तीन प्रकारचे लागतील: प्रागला कोरुना, व्हिएन्नात युरो, बुडापेस्टला फोरिंट.

मग त्या आखणीतच उघडपणे लिहा: एक दुपार, ज्याच्या त्याच्या वाटेनं. तुमच्या एकटीचीच सुट्टी मागितलीत तर ती तक्रार वाटेल. यजमानांनाही विचारा, त्यांना एकट्याला काय पाहायला आवडेल. सगळ्यांना सगळीकडे नेण्यात त्या माणसाला हे कुणी विचारलंच नसेल. मुलाला बुडापेस्टची 1896 ची मेट्रो द्या, युरोपच्या मुख्य भूमीवरची ती सर्वांत जुनी मेट्रो. मुलगी एकटी फिरण्याएवढी मोठी नाही, तिनं त्या दुपारी बाबांबरोबर किंवा दादाबरोबर जावं. 'आई, मी तुझ्याबरोबर येते' म्हणाली तर तिच्यासाठी वेगळी सकाळ ठेवा, पण ती दुपार तिच्यात मिसळू नका. आईच्या मनाला हे जड जाईल, तरीही.

भरलेली पॉवर बँक, हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात, ज्याचा पासपोर्ट त्याच्यापाशी, भेटायची जागा आणि वेळ, आणि 112 हा आणीबाणीचा क्रमांक, जो या तिन्ही देशांत चालतो. एवढं केलंत की यजमानांच्या पोटात पुन्हा गोळा येणार नाही. ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी पोहोचा. पहिल्यांदा तरी.

कुठे जाऊ, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हिएन्नात मारिया थेरेसिया चौकातलं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून ती दुपार गुरुवारची ठरवा. ब्रूगेल या चित्रकाराची चित्रं जगात सर्वांत जास्त तिथे एकत्र आहेत. त्यांत 1565 चं एक आहे: बर्फात माखलेल्या टेकडीवरून शिकारी दमून परतताहेत, मागे त्यांचे कुत्रे, आणि खाली दूरवर गोठलेल्या तळ्यांवर लोक खेळताहेत. तुम्ही टेकडीवरून खाली पाहिलेलं आहे, तुम्हाला ते चटकन कळेल. दालनांमध्ये मधोमध मऊ बैठका आहेत. बसून पाहा.

तुमची,
ताई