गाडी न पाहताच पूर्ण किंमत देणारे गिऱ्हाईक

प्रश्न: आम्ही डिचोलीला राहतो. यजमानांचे गाडी चालवणे आता बंद झाले आहे, म्हणून चवथीपूर्वी गाडी विकायची आहे. गाडी त्यांच्या नावावर आहे, कर्ज नाही. ऑनलाइन जाहिरातीत ४,२०,००० रुपये टाकले. म्हापशाचा जुन्या गाड्यांचा एक व्यापारी ३,६०,००० देतो. साखळीचे एक गृहस्थ घरी येऊन गाडी चालवून पाहून गेले, ते ३,९५,००० म्हणतात. तिसऱ्याचा फोन आला. तो दाबोळीला नौदलात आहे, बदली झाली आहे आणि भावासाठी गाडी हवी आहे. पूर्ण ४,२०,००० देतो, पाहायची गरज नाही म्हणतो. टोकनचे २०,००० पाठवण्यासाठी त्याने ओळखपत्राचा फोटो आणि क्यूआर कोड पाठवला आहे. व्यापाऱ्यापेक्षा साठ हजार जास्त मिळतात. काय करावे?

उत्तर: ताई, तो क्यूआर स्कॅन करू नका आणि त्या माणसाचा फोनही आता उचलू नका. क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात, येत कधीच नाहीत. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय बंद झाली, पण क्यूआरची ही वाट उघडीच आहे.

दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ आहे हे गोव्यात कोणाला माहीत नाही? म्हणूनच त्याचे नाव घेतले की खरे वाटते. जवान असल्याचे सांगायचे, बदलीची घाई दाखवायची, ओळखपत्राचा फोटो पाठवायचा, ही देशभर वापरली गेलेली युक्ती आहे. फोटोतला माणूस खरा असेलही, पण फोनवर तोच आहे कशावरून? आणि चार लाखांची जुनी गाडी न पाहता, एक रुपयाही कमी न करता कोण घेतो?

त्यामुळे साठ हजारांचा फरक हिशेबातून काढून टाका. ते पैसे कधी नव्हतेच. तुमचा खरा निर्णय व्यापारी आणि साखळीचे गृहस्थ यांच्यातला आहे, आणि तो ३५,००० रुपयांचा आहे. एवढ्यासाठी बँकेत अर्धा दिवस आणि कागदपत्रांची थोडी धावपळ करणे मला परवडणारे वाटते. पूर्ण ४,२०,००० देणाऱ्याची वाट पाहत मात्र बसू नका. गाडी उभी राहिली तरी तिची किंमत उतरतच असते.

साखळीच्या गृहस्थांना त्यांच्याच बँकेच्या शाखेत भेटा, दिवसाढवळ्या, यजमानांना सोबत घेऊन. तिथून आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम बँकेतून थेट खात्यात पाठवणे, करायला सांगा. दोन लाखांपासून पुढच्या रकमेसाठी ही सोय आहे, आणि यूपीआयवर एका व्यक्तीकडून दुसऱ्याला एरवी दिवसाला एक लाखच जातात. पैसे यजमानांच्या खात्यात येऊ देत, कारण गाडीचे नोंदणीपत्र, म्हणजे आरसी, त्यांच्या नावावर आहे. एसएमएसवर भरवसा ठेवू नका, तसा एसएमएस कोणालाही बनवता येतो. त्यांनी दाखवलेला स्क्रीनशॉटही पुरावा नव्हे. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक पाहा किंवा आपल्या शाखेत फोन करून विचारा. चेक नको, तो वटेपर्यंत रक्कम आपली नसते. डिमांड ड्राफ्टही बनावट निघू शकतो. रोख तर नकोच: एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यानुसार घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

आता एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेक विक्रेत्यांचे लक्षच जात नाही. पैसे खरेदीदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच यायला हवेत, ज्याच्या नावावर गाडी होणार त्याच्याच. 'माझा मित्र पाठवतोय' म्हणून तिसऱ्याच खात्यातून रक्कम आली आणि ती दुसऱ्या कोणाची तरी लुबाडलेली निघाली, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यातली रक्कम गोठवते. गाडी गेलेली असते आणि पैसे अडकलेले. 'चुकून जास्त आले, उरलेले परत पाठवा' असे कोणी म्हणाले तरी स्वतः परत पाठवू नका, बँकेला लेखी कळवा.

रक्कम जमा झाल्यावरच मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि त्यानंतर किल्ली. कोऱ्या फॉर्मवर सही नको. टोकन मिळाले म्हणून गाडी नेऊ देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत द्यायची असते, म्हणून डिचोलीच्या वाहतूक कार्यालयात तुम्ही स्वतःच जाऊन या. नाव बदलायचे खरेदीदारावर सोडले की महिने जातात. गोव्यात खाजगी गाड्या बेकायदा पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात हे आपण रोज पाहतो. आरसीवर यजमानांचे नाव राहिले आणि अशा गाडीने अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, गाडी विकलेली असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

विमा कंपनीला कळवा, फास्टॅग बंद करा. यजमानांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, त्यांचाच आहे, तो गाडीबरोबर जात नाही. पुढे घरात दुसरी गाडी घ्यायचा विचार असेल तर त्याचे पत्र मागून ठेवा.

क्यूआर आधीच स्कॅन करून पिन टाकला असेल, तर हे वाचणे थांबवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि साखळीच्या गृहस्थांनी बँकेत यायला किंवा स्वतःच्या खात्यातून पैसे द्यायला नकार दिला, तर त्यांचा आकडा वाढला तरी ऐकू नका. व्यापाऱ्याचे ३,६०,००० घ्या, तेही खात्यात आल्यावर आणि फॉर्मवर खरेदीदार म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे ते वाचून.