सगळ्यांनी मिळून एकाच पानावर लिहायचं तर...

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सोलापुरातले आणि सोलापूर सोडून पुण्या-हैदराबादला गेलेले असे ३०-३५ जण ऑनलाइन एकत्र लिहितो, कथा, ललित, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवणी, गिरणीच्या चाळीतल्या गोष्टी असं सगळं. यंदा मिळून दिवाळी अंक काढायचं ठरलंय. पण वर्डची फाइल व्हॉट्सॲपवर फिरते आणि लई घोळ होतो. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका काकूंनी जुन्या फाइलवर दोन पानं लिहिली, ती नव्या फाइलमध्ये आलीच नाहीत, तेव्हापासून त्यांनी लिहिणंच थांबवलंय. एकाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो एथरपॅड टाकून देतो, सगळे एकाच वेळी एकाच पानावर लिहा. टाकावं का? घरच्या पीसीवर ठेवलं तर चालेल का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी काकूंना फोन करा. त्यांनी पाठवलेली फाइल ३०-३५ पैकी कुणाच्या तरी फोनमध्ये असणारच, ग्रुपच्या डॉक्युमेंट्समध्ये जाऊन तारखेनं शोधा, दोन पानं सापडतील. ती अंकात आधी घ्या आणि मग सर्व्हरचं बघू.

एथरपॅड टाका, माझं मत स्पष्ट आहे. २००८ मध्ये ॲपजेट नावाच्या छोट्या कंपनीनं ते काढलं, २००९ मध्ये गुगलनं ती कंपनी घेतली आणि आता हे बंद होणार म्हटल्यावर वापरणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. पुढं ते नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) नव्यानं लिहिलं गेलं, आपण आज टाकतो ते हेच. फुकट आहे, हलकं आहे, लिंक उघडली की लिहायला सुरुवात, खातं काढायची भानगड नाही. तुमच्यात जी वयस्कर मंडळी असतील त्यांच्यासाठी हीच मोठी गोष्ट आहे. पाच-सहा जण असता तर मी गुगल डॉक्सच वापरा म्हटलं असतं, तिथं एका वेळी १०० जणांपर्यंत एडिट करता येतं आणि सर्व्हर सांभाळायचा ताप नाही, पण दरवर्षी अंक काढायचा असेल आणि मजकूर आपल्या ताब्यात हवा असेल तर स्वतःचं बरं.

आता दोघांनी एकाच ओळीत लिहिलं तर भांडण कसं होत नाही ते सांगते, कारण हे कळलं की भीती जाते. समजा ओळ आहे "गड्ड्यात गर्दी होती". तुम्ही सुरुवातीला "काल " घातलं आणि त्याच क्षणी हैदराबादच्या मैत्रिणीनं शेवटी " लई" घातलं. तिचा बदल सर्व्हरला सांगतो की अमुक इतक्या अक्षरांनंतर हे घाल. तुमचा बदल आधी पोचला असेल तर सर्व्हर तिचा आकडा "काल " च्या लांबीनं पुढं सरकवतो, मग लावतो. दोघांच्या पडद्यावर शेवटी तीच ओळ दिसते, कुणाचं पुसलं जात नाही. यातली मूळ कल्पना १९८९ पासूनची आहे. देवनागरीत एक गंमत दिसते, "ड्ड्या" आपल्याला एक अक्षर वाटतं पण मशीनला ते सहा तुकडे आहेत, ड, हलन्त, ड, हलन्त, य, काना, म्हणून कुणी इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं एकेक तुकडा टाइप करत असेल तर समोरच्याला मधेच लोंबता हलन्त दिसतो. घाबरून दुरुस्त करायला जाऊ नका, तिचं टाइप व्हायचंय अजून! फोनवर मात्र सुचवलेला शब्द निवडताना तो कधी दोनदा पडतो, मी स्वतः पाहिलंय, म्हणून मोठा मजकूर लॅपटॉपवर लिहा.

घरचा पीसी नको. वळवाचा पाऊस आला की आपल्याकडं लाइट जाते हे तुम्हाला मी सांगायला नको आणि बरेच ब्रॉडबँडवाले घरगुती कनेक्शनला स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देत नाहीत, मग बाहेरून कुणाला पोचताच येत नाही. महिना काही शे रुपयांत २ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर मिळतो, ३५ जणांना तो पुरून उरेल. त्या मुलाला तीन गोष्टी सांगा. एक, सुरुवातीला मिळतो तो साधा फाइलवाला डेटाबेस फक्त चाचणीपुरता असतो, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेससारखा पक्का डेटाबेस लाव म्हणावं. दुसरं, पुढं एनजिनेक्स (आलेल्यांना आत एथरपॅडकडं पाठवणारा वेब सर्व्हर) ठेवणार असेल तर वेबसॉकेटची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीची, सेटिंग विसरू नको, पान सारखं "रीकनेक्टिंग" म्हणायला लागलं की आधी तिथंच बघायचं. तिसरं म्हणजे दार बंद कर, कारण मूळ सेटिंगमध्ये पत्त्यापुढं कुणीही काहीही नाव टाइप केलं की नवं पॅड, म्हणजे लिहायचं पान, तयार होतं, "कथा" किंवा "दिवाळी" असलं सोपं नाव ठेवलंत तर परका माणूस अंदाजानं आत येईल. लॉगिन सक्तीचं करता येतं, ते करा; सगळ्यांना मिळून एकच नाव-पासवर्ड दिला की प्रत्येकानं खातं काढायची गरज तरीही नाही. नुसतं वाचणाऱ्यांना रीड-ओन्ली लिंक द्या, ती वेगळीच असते.

आणि आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. एथरपॅड सगळं लक्षात ठेवतं. टाइमस्लायडर म्हणून एक पट्टी असते, ती मागं ओढली की पान पहिल्या अक्षरापासून कसं लिहिलं गेलं ते सिनेमासारखं दिसतं, कुणी चुकून सगळं सिलेक्ट करून उडवलं तरी तिथून परत काढता येतं. तुमच्या काकूंचं झालं तसं इथं होणार नाही. पण लिहिणाऱ्यानं जे खोडलं ते पण तिथं असतं. आमच्या लेखनाच्या गटात एक मुलगी वडिलांवर लिहीत होती, एक परिच्छेद लिहिला, पाच मिनिटांनी पुसला, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी कौतुकानंच विचारलं की तो भाग का काढलास, छान होता. तिला ते किती लागलं असेल बघा. तिनं तो आम्हाला द्यायचा नाही असं ठरवलं होतं, आणि आम्ही तिच्या नकळत वाचला होता. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, पहिला खर्डा आपापल्या वहीत नाहीतर आपल्या मशीनवर, पॅडवर आणायचा तो दुसऱ्यानं हात लावलेला चालेल असाच मजकूर. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना तोंडानं सांगा, नुसतं लिहून टाकलं तर कुणी वाचत नाही. एखादा मजकूर इतिहासासकट घालवायचाच असेल तर राहिलेला भाग नव्या पॅडमध्ये न्या आणि जुनं पूर्ण डिलीट करा, मधलाच तुकडा इतिहासातून काढता येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही काही दिसू नये इतकं खासगी हवं असेल तर क्रिप्टपॅड हे असंच एकत्र लिहायचं दुसरं साधन बघा, त्यात मजकूर ब्राउझरमध्येच कुलूपबंद होऊन जातो, पण पासवर्ड हरवला की तो कुणीच परत देऊ शकत नाही.

बॅकअप रोज रात्री, आणि तो दुसऱ्या जागी. आमचा बॅकअप रोज व्हायचा पण त्याच सर्व्हरवर राहायचा, पैसे भरायचे कार्ड बदललं, भाडं थकलं, खातं बंद झालं आणि सर्व्हरबरोबर बॅकअप पण गेला. एका लेखकाची अर्धी कादंबरी होती त्यात. त्याला सांगायला गेले तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता चहा सांगितला. म्हणून महिन्यातून एकदा त्या मुलाला बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून पॅड उघडून दाखवायला लावा, उघडलं तरच तो बॅकअप.

प्रश्न : एथरपॅडमधून पीडीएफ काढली की मराठीच्या जागी नुसते चौकोन येतात. काय करू? — एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : पीडीएफ सर्व्हरवरचं लिबरऑफिस (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) बनवतं आणि तुमच्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाहीये. नोटो किंवा लोहित हा फॉन्ट टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा, चौकोन जातील. चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसत असेल तर कुणीतरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पेस्ट केलाय, तो आधी कन्व्हर्ट करून घ्या. आणि जाता जाता, "सुधारणाऱ्या" मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो, कुणी ऱ ला हलन्त देतं, कुणी साध्या र ला हलन्त आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला सेम, पण अंक जुळवताना शोधा-बदला केलं की अर्धेच शब्द सापडतात. एक पद्धत आत्ताच ठरवून घ्या.